पहिला पीसी जुळवताय? बजेटनुसार पार्ट निवडण्याची पद्धत

'आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, मॉनिटरसकट फक्त १६ हजार.' अशी जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. आकडे ऐकायला भरघोस वाटतात, पण आय-५ कितव्या पिढीचा ते सांगितलेलं नसतं. तिथे बहुतेक वेळा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर असतो. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. '४ जीबी ग्राफिक्स' म्हणजे अनेकदा २०१४ सालचं जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड. बोर्ड (ज्यावर सगळे पार्ट बसतात तो मदरबोर्ड) आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) यांचा तर उल्लेखच नसतो.

गोष्ट १६ हजारांच्या पीसीची असो की दीड लाखाच्या, पैसे कापले जातात ते कोटेशनमध्ये न लिहिलेल्या जागी. म्हणून या लेखात प्रत्येक पार्टपाशी एकच आग्रह धरला आहे: पूर्ण मॉडेल नंबर मागा. तो कळला की उरलेलं काम तासाभराचं आहे.

१. आधी काम लिहून काढा

कागद घ्या आणि पीसीवर रोज काय चालणार ते लिहा. 'सगळंच' असं लिहू नका. कामानुसार पैसे वेगवेगळ्या पार्टवर जातात.

- ऑफिस, टॅली, ऑनलाइन फॉर्म, ई-सेवा केंद्र, एमपीएससीचा अभ्यास: साधा प्रोसेसर, चांगली एसएसडी, १६ जीबी रॅम. ग्राफिक्स कार्ड नको. केंद्रासाठी असेल तर मागचे यूएसबी पोर्ट मोजून घ्या. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, वेबकॅम लागले की चार पोर्ट तिथेच संपतात.
- डीटीपी, कोरल, फोटोशॉप: रॅम जास्त आणि मॉनिटर चांगला. फ्लेक्सच्या मोठ्या फायली ८ जीबी रॅमवर रडवतात.
- ऑटोकॅडमधलं द्विमितीय काम: प्रोसेसरच्या एका कोअरचा (आतल्या एका काम करणाऱ्या भागाचा) वेग महत्त्वाचा. १६ कोअरचा महागडा प्रोसेसर इथे वाया जातो.
- व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर, रेंडरिंग: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम तिन्ही हवेत.
- गेमिंग: बजेटचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला.

२. बजेटमधून आजूबाजूचा खर्च आधी वजा करा

'माझ्याकडे ५० हजार आहेत' याचा अर्थ पीसीला ५० हजार असा होत नाही. मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, यूपीएस, वायफाय (स्वस्त बोर्डांवर ते नसतं) आणि विंडोजचं लायसन्स हे सगळं आधी बाजूला काढा. उरते ती पेटीची, म्हणजे कॅबिनेट आणि त्यातल्या पार्टांची रक्कम. खाली मी सांगतो ती बजेटं या पेटीचीच आहेत.

विंडोजबद्दल स्पष्ट सांगतो. दुकानदार 'विंडोज टाकून देतो' म्हणाला, तर लायसन्स बिलावर लिहून मागा. क्रॅक केलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं आहे. पैसे नसतील तर उबुंटू आणि लिब्रेऑफिस ही जोडी फुकट मिळते, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात चालतो.

३. प्रोसेसर आणि बोर्ड एकत्रच निवडा

नवखा माणूस सर्वाधिक गोंधळतो तो इथे. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट जुळलं नाही तर प्रोसेसर बसतच नाही, आणि कोणती रॅम चालेल तेही बरंचसं सॉकेटवरून ठरतं.

- एएम४ (एएमडी): रायझन ५००० पर्यंत, फक्त डीडीआर४ (रॅमची जुनी पिढी; डीडीआर५ ही नवी).
- एएम५ (एएमडी, २०२२ पासून): रायझन ७००० आणि पुढचे, फक्त डीडीआर५.
- एलजीए१७०० (इंटेल): १२वी, १३वी, १४वी पिढी. बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५. एकाच बोर्डावर दोन्ही चालतील असं धरू नका.
- एलजीए१८५१ (इंटेल, २०२४ पासून): कोअर अल्ट्रा २००, फक्त डीडीआर५.

एएम४ आणि एलजीए१७०० यांचा रस्ता आता संपत आला आहे, पण कमी बजेटमध्ये तेच परवडतात. पुढे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ घ्या. त्या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असलेलं अक्षर नीट वाचा. इंटेलमध्ये 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. आय-३ १२१००एफ हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून घेतला आणि वेगळं कार्ड घेतलं नाही, तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या ५००० मालिकेत उलटा हिशेब: 'जी' किंवा 'जीटी' असेल तरच ग्राफिक्स आहे. रायझन ५ ५६००जीमध्ये आहे, रायझन ५ ५६०० मध्ये नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी इंटेल घ्यायचा ठरवला तर वेगळं कार्ड असलं तरी 'एफ' टाळावा, कारण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सबरोबर येणारं क्विक सिंक मोबाइल-कॅमेऱ्याचे व्हिडिओ उलगडायला मोठी मदत करतं.

'जी'च्या बाबतीत एक अडचण आहे. ५६००जीमध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, तर ५६०० मध्ये ३२ एमबी. शिवाय ५६००जी पीसीआयई ३ वरच (कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाच्या तिसऱ्या पिढीवरच) थांबतो. वर्षभरात गेमिंगचं कार्ड नक्की घेणार असाल तर सुरुवातीलाच साधा ५६०० आणि छोटं कार्ड घेणं बरं. नक्की नसेल तर ५६००जी उत्तम.

आता बोर्ड. इंटेलच्या स्वस्त एच६१० बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात आणि वीज पुरवणारा भाग बेताचा असतो. आय-३ किंवा आय-५ १२४०० ला तो पुरतो. त्यावर आय-७ बसवून देणारी कोटेशनं मी पाहिली आहेत. तो पीसी चालू होतो, पण जोराचं काम आलं की प्रोसेसर वेग कमी करतो आणि तुम्ही ज्यासाठी पैसे मोजले ते मिळत नाही. मोठ्या प्रोसेसरला इंटेलमध्ये बी७६०, एएमडीमध्ये बी५५० किंवा बी६५० घ्या, वीज भागावर धातूचा हीटसिंक आहे ना ते पाहून. नावात 'के' असलेला इंटेल प्रोसेसर घेऊन त्याचा वेग वाढवायचा असेल तर झेड मालिकेचा बोर्ड लागतो. मला विचाराल तर पहिल्या पीसीत त्या फंदात पडू नका.

बायोसचंही (पीसी सुरू करणारं, बोर्डातलं सॉफ्टवेअर) विचारून घ्या. बोर्ड दुकानात पडून राहिलेला असेल तर त्याचं बायोस नंतर आलेल्या प्रोसेसरला ओळखत नाही. 'या प्रोसेसरसाठी बायोस अपडेट करून द्याल का?' असं आधीच विचारा. आणि सेकंडहँडमध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे मोठे प्रोसेसर घेताना दोनदा विचार करा. त्यांच्या अस्थिरतेचा प्रश्न २०२४ मध्ये समोर आला. इंटेलने बायोसमधून दुरुस्ती दिली, वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली, पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने सुधारत नाही.

४. रॅम: एक मोठी कांडी की दोन छोट्या?

दोन. १६ जीबीची एक कांडी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन कांड्या असल्या की प्रोसेसरला मेमरीचे दोन रस्ते मिळतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत याचा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं. चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत कांड्या बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत तसं चित्र असतं.

२०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे आणि पाठोपाठ एसएसडीचे भाव खूप चढले. जुन्या व्हिडिओंतले रॅमचे भाव डोक्यातून काढून टाका. बजेट फारच ताणलं जात असेल तर आत्ता १६ वर थांबा आणि ३२ नंतर करा. त्यासाठी चार खाचांचा बोर्ड हवा.

५. एसएसडी

विंडोज हार्ड डिस्कवर टाकायचे दिवस संपले. एम.२ (बोर्डाच्या खाचेत सरळ बसणारी पट्टी) आकाराची, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी घ्या. फसगत अशी होते, की एम.२ आकाराच्या काही एसएसडी आतून साटा, म्हणजे जुन्या आणि मंद पद्धतीच्या असतात. त्या साधारण ५५० एमबी प्रतिसेकंदाच्या पुढे जात नाहीत, तर तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमई ३५०० च्या आसपास पोचतात. दिसायला जवळपास सारख्याच, म्हणून 'एम.२ आहे' एवढ्यावर समाधान मानू नका.

कोटेशनमध्ये नुसतं '५१२ एसएसडी' असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या. वॉरंटी ५ वर्षांची असेल तर उत्तम, ३ चालेल, १ वर्षाची नको. फोटो-व्हिडिओंचा साठा मोठा असेल तर जोडीला हार्ड डिस्क घ्या. साठवणुकीला ती अजूनही स्वस्त पडते.

६. ग्राफिक्स कार्ड: जीबीच्या आकड्यावर भाळू नका

कार्डावरची मेमरी म्हणजे कार्डाची ताकद नव्हे. वर सांगितलेलं ४ जीबीचं जीटी ७३० आजच्या प्रोसेसरमधल्या चांगल्या ग्राफिक्ससमोरही टिकत नाही. एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डंही विकली जातात. आरटीएक्स ३०५० ६ जीबी ७० वॉटचं आहे आणि बहुतेकदा त्याला वेगळी वीज केबल लागत नाही. ८ जीबीचं ३०५० हे त्याहून ताकदवान, १३० वॉटचं, वेगळं कार्ड. जीटी १०३० चीही जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशी दोन रूपं आहेत आणि डीडीआर४वालं बरंच मंद आहे.

मधल्या बजेटमध्ये आरटीएक्स ५०६० (८ जीबी), आरएक्स ९०६० एक्सटी (८ किंवा १६ जीबी) आणि इंटेल आर्क बी५८० (१२ जीबी) ही तीन नावं पाहा. ब्लेंडर किंवा एआयचं काम असेल तर एनव्हिडिया घ्या, कारण त्या क्षेत्रातली बरीच सॉफ्टवेअर कुडा हे एनव्हिडियाचं स्वतःचं तंत्र गृहीत धरतात. आर्क घेणार असाल तर बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय असायलाच हवी, नाहीतर कार्ड निम्म्या जोरावर चालल्यासारखं वाटतं.

जुन्या बाजारातल्या आरएक्स ५८० कार्डांपैकी कित्येक क्रिप्टो मायनिंगमध्ये दिवसरात्र चाललेली आहेत. स्वस्त असली तरी पहिल्या पीसीत घेऊ नका.

७. एसएमपीएस: इथे हात आखडता घेऊ नका

दुकानात कॅबिनेटबरोबर 'सोबत ४५० वॉटचा एसएमपीएस' मिळतो. त्याच्या कुशीवरचं लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत? १६ लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात, तेव्हा वर ठळक छापलेल्या ४५० ला काही अर्थ राहत नाही. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४३२ वॉट. हा गुणाकार दुकानातच, मोबाइलवर करा.

'८० प्लस' हा शिक्का विजेच्या बचतीचा आहे, सुरक्षिततेचा नाही. तरी तो नसलेला एसएमपीएस घेऊ नका. माझ्या मते सगळ्यात सोपी खूण म्हणजे वॉरंटी: ५ वर्षं किंवा जास्त देणारी कंपनी आत बरा माल घालते. ग्राफिक्स कार्ड नसेल तर चांगला ४५० पुरतो; आरटीएक्स ५०६० साठी एनव्हिडिया ५५० सुचवते. एका एसएमपीएसच्या सुट्या केबली दुसऱ्याला कधीही लावू नका. खाच जुळते, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी-हार्ड डिस्क जळतात.

याला जोडूनच घरची वीज. चालू पीसीच्या कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. गावाकडच्या आणि जुन्या वाड्यांतल्या घरांत हे सर्रास आढळतं. पीसी आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. ग्राफिक्स कार्डाशिवायच्या पीसीला तो पुरतो, कार्ड असेल तर १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो तापताना एकदम मोठा भार ओढतो.

८. कॅबिनेट आणि कूलर

पुढे जाळी आणि किमान दोन पंखे असलेलं कॅबिनेट घ्या. समोर सपाट काच असेल तर आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत आत भट्टी होते. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी ताडून पाहा. ६५ वॉटच्या प्रोसेसरबरोबर बॉक्समध्ये कूलर आला असेल तर वेगळा लागत नाही.

९. तीन बजेटं

रकमा अंदाजे आहेत आणि फक्त पेटीच्या आहेत. घेण्याच्या आठवड्यात भाव पुन्हा पाहा.

*४० हजारांच्या आसपास.* रायझन ५ ५६००जी किंवा ५६००जीटी, बी५५० बोर्ड (न जमल्यास ए५२०), ८-८ च्या दोन डीडीआर४ कांड्या, ५०० जीबी एनव्हीएमई, चांगला ४५० वॉटचा एसएमपीएस. इंटेलकडे जायचं तर आय-३ १२१०० आणि डीडीआर४ वाला एच६१०. अभ्यास, ऑफिस, ई-सेवा केंद्र, डीटीपीची सुरुवात आणि हलके गेम यावर आरामात होतात. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं घ्या, पण एसएमपीएस बदलू नका.

*७५ ते ८५ हजार.* सर्वाधिक चुकीची कोटेशनं मला याच टप्प्यात दिसतात. दुकानदार आय-७ सुचवतो, कारण ते नाव गिऱ्हाइकाला ओळखीचं असतं, आणि मग ग्राफिक्स कार्ड फुटकळ बसवतो. गेमिंगसाठी याच्या उलट करा. आय-५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला; बजेटच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त तिथे गेले तरी चालतील. सोबत १६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई, ५५० ते ६५० वॉट. एडिटिंग असेल तर 'एफ' नसलेला आय-५ १२४००, ३२ जीबी रॅम आणि त्या बदल्यात एक पायरी खालचं कार्ड. दोन्ही एकाच पेटीत पूर्णपणे बसत नाहीत, तेव्हा पहिल्या पायरीचा कागद काढा आणि कोणतं काम पोट भरतं ते पाहून ठरवा.

*दीड लाखाच्या आसपास.* इथे एएम५ शिवाय दुसरं काही मी सुचवणार नाही. रायझन ७ ७७०० किंवा ९७००एक्स, केवळ गेमिंग असेल तर ७८००एक्स३डी. बी६५० किंवा बी८५० बोर्ड, डीडीआर५ ६००० ची ३२ जीबी जोडी, १६ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, ७५० वॉटचा एसएमपीएस. ९७००एक्स आणि ७८००एक्स३डी यांच्या बॉक्समध्ये कूलर येत नाही, त्याचे पैसे वेगळे धरा. रंगीबेरंगी दिव्यांच्या रॅम आणि पंख्यांवर सहज काही हजार जातात; ते मॉनिटरवर खर्च करा.

१०. कोटेशन, दुकान आणि बिल

मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानांसाठी लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला चालत जाण्याच्या अंतरावर. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. तिथे जमत नसेल तर आपापल्या शहरातला ओळखीचा डीलर आणि ऑनलाइन दुकानं यांचे भाव शेजारी शेजारी मांडा. किमान तीन कोटेशनं घ्या, आणि प्रत्येक ओळीत मॉडेल नंबर नसेल तर ते कोटेशन धरूच नका.

'बिल नको असेल तर एवढे कमी करतो' असं तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. कॉम्प्युटरच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे मोह होतो. पण पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीचा दावा करायला गेलात की हात हलवत परत यावं लागतं. व्यवसायासाठी घेत असाल आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळू शकतं. तसंच 'ट्रे' (बॉक्सशिवाय सुटा विकला जाणारा) प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्यावर बॉक्सप्रमाणे कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी मिळेल असं धरू नका.

सोबत न्यायचं आणि परत आणायचं:

- तीन कोटेशनं आणि जुळणीची यादी
- जीएसटी बिल, प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसह
- वॉरंटी कार्डं, बोर्डाची पुस्तिका, उरलेले स्क्रू आणि केबली
- हप्त्यावर घेत असाल तर पॅन आणि आधार
- किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, विंडोज टाकण्यासाठी
- घरी जुळवणार असाल तर चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर आणि थर्मल पेस्ट

११. पैसे देण्याआधी टेबलावर तपासा

सील तुमच्यासमोर फोडायला लावा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांत सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, एएम४ मध्ये प्रोसेसरच्या पोटाला. एक जरी वाकलेली दिसली तर तिथेच परत करा. घरी नेल्यावर वाकलेल्या पिनेची वॉरंटी कोणी देत नाही.

पीसी चालू झाला की बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅमचा आकडा कोटेशनशी जुळवा. इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, एएमडीच्या नव्या बोर्डावर एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) सुरू करायला सांगा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर रॅमचा वेग आणि किती खाचा वापरल्या आहेत ते दिसतं. ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, तेही मागे वाकून पाहा. ती बोर्डाला लावली तर कार्ड नुसतं बसून राहतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवडावा लागतो.

सगळ्या खोक्यांच्या सीरियल नंबरांचे फोटो काढून बिलाच्या फोटोसोबत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. थर्मल कागदावर छापलेलं बिल वर्षभरात पुसट होतं, त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.